फ्लीट स्ट्रीट

फ्लीट स्ट्रीट हा इंग्लंडची राजधानी लंडन येथील एक प्राचीन रस्ता आहे. लंडनचा मूळ गाभा असलेल्या ‘सिटी ऑफ लंडन’ या भागाच्या पश्चिम टोकाला तो आहे. सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा हा रस्ता पश्चिमेस टेंपल बार या जुन्या वेशीपासून पूर्वेस लडगेट सर्कस या चौकापर्यंत जातो. इ.स. १५०० च्या सुमारास येथे छापखाना सुरू झाला आणि त्यानंतर जवळजवळ पाच शतके मुद्रण, ग्रंथप्रकाशन व वृत्तपत्रे यांचे हे प्रमुख केंद्र राहिले. त्यामुळे इंग्रजी भाषेत ‘फ्लीट स्ट्रीट’ हा शब्द ‘ब्रिटिश वृत्तपत्रसृष्टी’ या अर्थानेच रूढ झाला. १९८६ नंतर काही वर्षांतच सर्व मोठी वृत्तपत्रे येथून स्थलांतरित झाली. परंतु नावाचा हा अर्थ मात्र आजही टिकून आहे.

नाव व स्थान

या रस्त्याला फ्लीट नदीवरून नाव मिळाले. अँग्लो-सॅक्सन भाषेत ‘फ्लेओट’ या शब्दाचा अर्थ भरतीचे पाणी जिथवर चढते अशी खाडी असा होतो. लंडनच्या उत्तरेकडील हॅम्पस्टेड येथील टेकड्यांत उगम पावणारी ही नदी दक्षिणेकडे वाहत येऊन टेम्स नदीस मिळते. मध्ययुगात तिच्या मुखातून लहान गलबते आत येत असत. पुढे स्मिथफील्ड येथील गुरांच्या बाजारातील व कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीतील घाण तिच्यात सोडली जाऊ लागली आणि तिला गटाराचे रूप आले. १६६६ च्या आगीनंतर तिच्या खालच्या भागाचा कालवा करण्यात आला. पण तो फारसा उपयोगी ठरला नाही. १८ व्या शतकात दोन टप्प्यांत नदी झाकण्यात आली. आज ती लडगेट सर्कस चौकाखालून भूमिगत नाल्याच्या रूपाने वाहते. ज्या नदीने रस्त्याला नाव दिले, ती त्या रस्त्यावरून आता दिसत नाही.

फ्लीट स्ट्रीट हा पश्चिमेकडील वेस्टमिन्स्टर व पूर्वेकडील सिटी या दोन केंद्रांना जोडणारा दुवा आहे. वेस्टमिन्स्टर हे राजवाडा व संसद यांचे, तर सिटी हे व्यापाराचे व पेढ्यांचे केंद्र. राजसत्ता आणि द्रव्यसत्ता यांच्या मधोमध असलेल्या या रस्त्यावरून दोन्हीकडच्या बातम्या जात-येत असत. छपाई व बातमीदारी येथेच का रुजली, याचे एक उत्तर या भौगोलिक स्थानात सापडते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अनेक अरुंद गल्ल्या फुटतात. उत्तरेकडे चॅन्सरी लेन, फेटर लेन व शू लेन, तर दक्षिणेकडे बुव्हरी स्ट्रीट, व्हाइटफ्रायर्स स्ट्रीट व सॉल्झबरी कोर्ट या त्यांपैकी प्रमुख होत. फ्लीट स्ट्रीटचा इतिहास जितका मुख्य रस्त्याचा, तितकाच या गल्लीबोळांचाही आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ

रोमन काळात लंडनच्या तटाला असलेल्या लडगेट या वेशीतून पश्चिमेकडे जाणारा मार्ग याच परिसरातून जात असे. सेंट ब्राइड्स चर्चच्या तळघरात रोमन काळातील फरसबंदीचे अवशेष आजही पाहावयास मिळतात.

१२ व्या शतकात ‘नाइट्स टेंपलर’ या लढवय्या धार्मिक पंथाने रस्त्याच्या दक्षिणेस आपले ठाणे वसवले. त्यांनी बांधलेल्या वर्तुळाकार टेंपल चर्चचा अभिषेक ११८५ मध्ये जेरुसलेमचे धर्मगुरू हेराक्लियस यांच्या हस्ते झाला. १३१२ मध्ये पोपच्या आज्ञेने हा पंथ विसर्जित झाला व त्याची मालमत्ता ‘नाइट्स हॉस्पिटलर’ या दुसऱ्या पंथाकडे गेली. १४ व्या शतकात कायद्याचे अभ्यासक येथे भाड्याने राहू लागले. त्यांतूनच ‘इनर टेंपल’ व ‘मिडल टेंपल’ या वकिलांच्या दोन संस्था उदयास आल्या. १६०८ मध्ये राजा पहिला जेम्स याने सनद देऊन ही जागा त्यांना कायमची बहाल केली. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी ज्या चार संस्थांपैकी एकीचे सदस्य असावे लागते, त्यांपैकी या दोन होत.

टेंपलच्या पूर्वेस कार्मेलाइट पंथीय साधूंचा मठ होता. त्यांच्या पांढऱ्या झग्यांमुळे त्या भागाला ‘व्हाइटफ्रायर्स’ असे नाव पडले. राजा आठवा हेन्री याच्या काळात मठ बंद झाले, तरी या जागेत आश्रय घेणाऱ्यास अटक करता येत नाही हा जुना समज टिकून राहिला. परिणामी १७ व्या शतकात कर्जबुडवे, गुन्हेगार व फरारी लोक यांची येथे मोठी वस्ती झाली. १६९७ मध्ये कायदा करून हा आश्रयाचा हक्क रद्द करण्यात आला.

१३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात या रस्त्याला मोठी झळ पोहोचली. जाचक डोईपट्टीविरुद्ध उठलेल्या जमावाने टेंपलमध्ये शिरून कायद्याची दप्तरे रस्त्यावर आणून जाळली आणि नदीकाठच्या फ्लीट तुरुंगाचे दरवाजे फोडले. आपल्या दास्याचे व देण्यांचे पुरावे कागदावर असतात, हे त्या निरक्षर शेतकऱ्यांना पुरते ठाऊक होते.

फ्लीट तुरुंग पुढे मुख्यतः ऋणकोंचा तुरुंग म्हणून ओळखला गेला. कर्ज फिटेपर्यंत माणसाला येथे डांबून ठेवले जाई. तुरुंगात व त्याच्या आसपास राहणारे काही धर्मगुरू पैसे घेऊन विनापरवाना विवाह लावून देत. ‘फ्लीट विवाह’ म्हणून कुप्रसिद्ध झालेली ही प्रथा १७५३ च्या विवाह कायद्याने बंद झाली. तुरुंगाची इमारत १८४६ मध्ये पाडण्यात आली.

टेंपल बार

सिटी ऑफ लंडनची पश्चिम सीमा म्हणजे टेंपल बार. प्रारंभी येथे केवळ साखळी वा लाकडी अडसर असावा, असे ‘बार’ या शब्दावरून दिसते. पुढे तेथे वेस उभी राहिली. आज जी वेस प्रसिद्ध आहे ती १६६९ ते १६७२ या काळात पोर्टलंड येथील दगडात बांधण्यात आली. तिचे श्रेय सामान्यतः वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांना दिले जाते. राजद्रोहाबद्दल देहदंड झालेल्यांची मुंडकी खांबांवर खोचून या वेशीवर लावली जात. ही क्रूर प्रथा १८ व्या शतकात संपुष्टात आली.

वाढत्या रहदारीला अडथळा होऊ लागल्याने १८७८ मध्ये वेस उतरवण्यात आली. तिचे दगड काही वर्षे पडून होते. पुढे हर्टफर्डशायर परगण्यातील थिओबाल्ड्स पार्क या खाजगी इस्टेटीत ती पुन्हा उभारण्यात आली. २००४ मध्ये ती लंडनला परत आणून सेंट पॉल्स कॅथीड्रलजवळच्या पॅटर्नॉस्टर स्क्वेअरमध्ये बसवण्यात आली. मूळ जागी १८८० पासून पंखधारी काल्पनिक प्राण्याची मूर्ती असलेला स्तंभ उभा आहे.

राजा अथवा राणी समारंभपूर्वक सिटीत प्रवेश करते, तेव्हा या सीमेवर थांबण्याची प्रथा आहे. सिटीचा लॉर्ड मेयर आपली तलवार पुढे करतो. राजा तिला स्पर्श करून ती परत देतो. सिटीच्या स्वायत्ततेची व राजनिष्ठेची ही एकाच वेळी केलेली खूण मानली जाते.

मुद्रणाचा आरंभ

इंग्लंडमधील पहिला छापखाना विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे सुरू केला. त्यांच्या निधनानंतर त्यांचा सहकारी विन्किन द वर्ड याने व्यवसाय सांभाळला आणि १५०० च्या सुमारास छापखाना फ्लीट स्ट्रीटवर हलवला. शू लेनजवळच्या त्याच्या दुकानावर सूर्याचे चिन्ह होते. हे स्थलांतर केवळ जागेचे नव्हते. कॅक्स्टन यांचा ग्राहक मुख्यतः दरबारी व सरदार वर्ग होता. विन्किनने शाळेची पुस्तके, प्रार्थनेची पुस्तके व स्वस्त कथा छापून सामान्य वाचकाकडे मोर्चा वळवला. टेंपलमधील वकील, मठांतील साधू व सिटीतील व्यापारी हे साक्षर ग्राहक येथे हाताशी होते. रिचर्ड पिन्सन या दुसऱ्या मुद्रकानेही याच सुमारास येथे बस्तान बसवले व तो पुढे राजाचा अधिकृत मुद्रक झाला. विन्किनचे दफन सेंट ब्राइड्स चर्चमध्ये झाले.

१६६६ ची आग

२ सप्टेंबर १६६६ रोजी पुडिंग लेनमधील एका भटारखान्यात लागलेली आग वाऱ्याबरोबर पश्चिमेकडे सरकत तिसऱ्या दिवशी फ्लीट नदी ओलांडून या रस्त्यावर पोहोचली. सेंट ब्राइड्स चर्च भस्मसात झाले. रस्त्याचा पूर्वेकडील मोठा भाग व टेंपलचा काही भाग जळाला. फेटर लेनच्या परिसरात आग थांबली आणि त्यापलीकडचे सेंट डन्स्टन-इन-द-वेस्ट हे चर्च बचावले. वेस्टमिन्स्टर शाळेच्या मुलांनी आपल्या डीनच्या नेतृत्वाखाली बादल्यांनी पाणी ओतून हे चर्च वाचवले, असे सांगितले जाते. १७ क्रमांकाची, १६१० च्या सुमाराची लाकडी सांगाड्याची इमारतही आगीतून वाचली. तिच्या पहिल्या मजल्यावरील नक्षीदार छत असलेले दालन ‘प्रिन्स हेन्रीज रूम’ या नावाने ओळखले जाते.

या आगीचे सविस्तर वर्णन आपल्या रोजनिशीत लिहून ठेवणारे सॅम्युएल पीप्स यांचा जन्म १६३३ मध्ये याच रस्त्यालगतच्या सॉल्झबरी कोर्टमध्ये झाला होता.

प्रमुख चर्च

सेंट ब्राइड्स चर्च: आगीनंतर हे चर्च क्रिस्टोफर रेन यांनी नव्याने बांधले. त्याचा पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत जाणारा मनोरा १७०१ ते १७०३ या काळात उभा राहिला. जवळच्याच एका बेकरीवाल्याने या मनोऱ्यावरून स्फूर्ती घेऊन मजल्यामजल्यांचा विवाहाचा केक प्रथम तयार केला, अशी आख्यायिका आहे. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात चर्च जळाले. मनोरा मात्र उभा राहिला. युद्धानंतर झालेल्या उत्खननात त्याच जागी एकावर एक झालेल्या पूर्वीच्या चर्चांचे पाये आढळले. १९५७ मध्ये पुनर्बांधणी पूर्ण झाली. हे चर्च ‘पत्रकारांचे चर्च’ म्हणून ओळखले जाते. १९८६ मध्ये बैरुत येथे अपहरण झालेले ब्रिटिश पत्रकार जॉन मॅकार्थी यांच्या सुटकेसाठी येथे सातत्याने प्रार्थना करण्यात आल्या. १९९१ मध्ये त्यांची सुटका झाली. कर्तव्य बजावताना मारल्या गेलेल्या, बेपत्ता झालेल्या वा कैदेत असलेल्या पत्रकारांच्या स्मरणार्थ येथे स्वतंत्र वेदी असून तेथे त्यांची छायाचित्रे ठेवून मेणबत्त्या लावल्या जातात.

सेंट डन्स्टन-इन-द-वेस्ट: प्रसिद्ध कवी जॉन डन हे १६२४ ते १६३१ या काळात येथील धर्मगुरू होते. चर्चवरील १६७१ चे घड्याळ हे मिनिटकाटा असलेले लंडनमधील पहिले सार्वजनिक घड्याळ मानले जाते. त्यावर दोन राक्षसांच्या प्रतिमा असून त्या गदांनी घंटेवर ठोके देतात. १८३० च्या सुमारास जुने चर्च पाडून नवे बांधताना हे घड्याळ विकले गेले. वृत्तपत्रमालक लॉर्ड रॉदरमियर यांनी ते विकत घेऊन १९३५ मध्ये चर्चला परत दिले.

कॉफीगृहे, मद्यालये व पेढ्या

१७ व्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये कॉफीगृहांचा उदय झाला. फ्लीट स्ट्रीटवरील ‘रेनबो’ हे त्यांतील आरंभीच्यांपैकी एक. त्याचा मालक मूळचा न्हावी होता. ‘कॉफी नावाचे पेय’ बनवताना येणाऱ्या वासाचा उपद्रव होतो, अशी तक्रार शेजाऱ्यांनी १६५७ मध्ये त्याच्याविरुद्ध केली होती. अशा कॉफीगृहांत वृत्तपत्रे मोठ्याने वाचली जात, बातम्यांची देवघेव होई आणि वकील, लेखक व व्यापारी एकाच बाकावर बसत.

मद्यालयांपैकी ‘डेव्हिल’ या ठिकाणी नाटककार बेन जॉन्सन यांचे मंडळ जमत असे. आगीनंतर १६६७ मध्ये पुन्हा बांधलेले ‘यी ओल्ड चेशायर चीज’ आजही चालू आहे. ‘एल व्हिनो’ हे मद्यालय पत्रकार व वकिलांचा अड्डा होते. तेथे स्त्रियांना गल्ल्यापाशी उभे राहून पेय मागण्यास मनाई होती. त्यांना मागच्या खोलीत बसावे लागे. एक महिला वकील व एक महिला पत्रकार यांनी याविरुद्ध दाद मागितली. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने हा नियम लिंगभेदविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरवला. गल्ल्यापाशी चालणाऱ्या गप्पांतून मिळणाऱ्या बातम्यांपासून वंचित राहणे ही पत्रकार स्त्रीच्या दृष्टीने खरी हानी होती.

पेढ्यांपैकी ‘चाइल्ड अँड कंपनी’ ही १ क्रमांकाच्या जागेत होती. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या कादंबरीतील पेढी तिच्यावर बेतलेली मानली जाते. तिची ही शाखा २०२२ मध्ये बंद झाली. १६७२ मध्ये स्थापन झालेली ‘सी. होर अँड कंपनी’ ही पेढी १६९० मध्ये या रस्त्यावर आली. ती आजही त्याच कुटुंबाच्या मालकीची असून ३७ क्रमांकाच्या जागेत चालते.

सॅम्युएल जॉन्सन व त्यांचा शब्दकोश

रस्त्याच्या उत्तरेस गफ स्क्वेअर या लहानशा चौकात १७ क्रमांकाच्या घरी सॅम्युएल जॉन्सन १७४८ ते १७५९ या काळात राहत होते. १७४६ मध्ये लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांनी १,५०० गिनींच्या मोबदल्यात त्यांच्याशी इंग्रजी शब्दकोशाचा करार केला. घराच्या माळ्यावर सहा मदतनीसांच्या साहाय्याने त्यांनी हे काम केले आणि १७५५ मध्ये सुमारे ४२,००० शब्दांचा कोश दोन खंडांत प्रसिद्ध झाला. फ्रान्समध्ये जे काम विद्वानांच्या अकादमीने केले, ते येथे एका माणसाने भाड्याच्या घरात केले.

१७५२ पासून या घरात फ्रान्सिस बार्बर हा मुलगा राहत असे. तो जमैका येथे गुलामगिरीत जन्मला होता. जॉन्सन यांनी त्याला शिकवले, शाळेत घातले व १७८४ मध्ये मृत्यूपूर्वी आपला प्रमुख वारस नेमले. गुलामांचा व्यापार राजरोस चालत असलेल्या त्या काळात ही गोष्ट असामान्य होती. हे घर आता संग्रहालय आहे.

वृत्तपत्रांचा उदय

११ मार्च १७०२ रोजी फ्लीट पुलाजवळून ‘द डेली कूरंट’ हे पत्र निघाले. हे इंग्लंडमधील पहिले यशस्वी दैनिक मानले जाते. एका पानाचे, दोन स्तंभांचे हे पत्र एलिझाबेथ मॅलेट या महिलेने प्रसिद्ध केले. त्यात मुख्यतः परदेशी वृत्तपत्रांतून घेतलेल्या बातम्या असत. आपण केवळ वस्तुस्थिती देऊ, भाष्य करणार नाही. कारण विचार करण्याइतकी बुद्धी वाचकांना आहे, अशी तिची भूमिका होती.

सरकारला हे नवे साधन गैरसोयीचे वाटू लागले. १७१२ पासून वृत्तपत्राच्या प्रत्येक प्रतीवर मुद्रांक कर बसला. १८१५ मध्ये तो प्रतिअंक चार पेन्सपर्यंत वाढवण्यात आला. कामगाराला वृत्तपत्र परवडू नये, हा त्यामागील उघड हेतू होता. विरोधकांनी या करांना ‘ज्ञानावरील कर’ असे नाव दिले.

या लढ्यात फ्लीट स्ट्रीटवरील पुस्तकविक्रेते रिचर्ड कार्लाइल यांचे स्थान महत्त्वाचे आहे. टॉमस पेन यांचे बंदी घातलेले ग्रंथ छापल्याबद्दल १८१९ मध्ये त्यांना तुरुंगवास व मोठा दंड झाला. त्यांच्या पत्नी जेन यांनी विक्री चालू ठेवली. त्यांनाही शिक्षा झाली. नंतर बहीण मेरी ॲन यांनी दुकान सांभाळले. त्याही तुरुंगात गेल्या. त्यानंतर अनेक स्वयंसेवक एकामागून एक पुढे आले व शिक्षा भोगत राहिले. विक्रेता ओळखू येऊ नये म्हणून दुकानात पडद्याआड एक तबकडी बसवण्यात आली होती. ग्राहकाने हव्या त्या पुस्तकाच्या नावावर काटा फिरवला की पलीकडून पुस्तक हाती येई. कार्लाइल यांची सुटका १८२५ मध्ये, सहा वर्षांनी झाली.

१८३६ मध्ये मुद्रांक कर एक पेनीवर आला, १८५५ मध्ये तो रद्द झाला आणि १८६१ मध्ये कागदावरील करही गेला. यानंतर वृत्तपत्रे झपाट्याने वाढली. १८५५ मध्येच ‘द डेली टेलिग्राफ’ निघाले व लवकरच त्याची किंमत एक पेनी झाली. एडवर्ड लॉइड यांचे सॉल्झबरी स्क्वेअरमधून निघणारे साप्ताहिक १८९६ मध्ये दहा लाख प्रतींचा पल्ला गाठणारे पहिले ब्रिटिश वृत्तपत्र ठरले. त्याच वर्षी आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी अर्ध्या पेनीचे ‘डेली मेल’ काढले. बुव्हरी स्ट्रीटवरून १८४६ मध्ये निघालेल्या ‘डेली न्यूज’चे पहिले संपादक चार्ल्स डिकन्स होते, मात्र त्यांनी तीन आठवड्यांच्या आतच ते पद सोडले. याच डिकन्स यांनी १८३३ मध्ये आपली पहिली कथा जॉन्सन्स कोर्ट या गल्लीतील एका मासिकाच्या पत्रपेटीत टाकली होती.

विसावे शतक

दोन महायुद्धांमधील काळात फ्लीट स्ट्रीटचे वैभव शिखरास पोहोचले. ‘डेली टेलिग्राफ’ची भव्य स्तंभांची इमारत, १९३२ मधील ‘डेली एक्स्प्रेस’ची काळ्या काचेची इमारत आणि रॉयटर्स व प्रेस असोसिएशन या वृत्तसंस्थांसाठी बांधलेली ८५ क्रमांकाची इमारत या त्या काळाच्या खुणा होत. यांपैकी शेवटची इमारत नवी दिल्लीचे शिल्पकार एडविन लट्येन्स यांनी साकारली.

बातमी लिहिण्यापासून अंक छापण्यापर्यंतची सर्व कामे एकाच इमारतीत होत. वरच्या मजल्यावर संपादकीय विभाग, मध्ये खिळेजुळणी आणि तळघरात छपाईयंत्रे अशी साधारण रचना असे. लायनोटाइप यंत्रावर वितळलेल्या शिशातून एकेक ओळ ओतली जाई. रात्री यंत्रे सुरू झाली की आजूबाजूची जमीन हादरे. कागदाची प्रचंड रिळे आणणारे ट्रक व छापलेले गठ्ठे रेल्वे स्थानकांकडे नेणाऱ्या गाड्या यांनी गल्ल्या भरून जात.

मुद्रक कामगारांच्या संघटना अतिशय प्रबळ होत्या. त्यांच्या कार्यस्थळावरील शाखेला ‘चॅपल’ व प्रमुखाला ‘फादर’ म्हणण्याची जुनी प्रथा होती. कोणाला कामावर घ्यावयाचे, यावर संघटनेचे नियंत्रण असे. मुलगा बापामागून त्याच छापखान्यात लागे. यामुळे कामगारांना चांगले वेतन व सुरक्षितता लाभली. दुसरीकडे, अनावश्यक मनुष्यबळ व जुने तंत्रज्ञान यांमुळे वृत्तपत्रे तोट्यात जात असल्याची मालकांची तक्रार होती.

वॉपिंग संघर्ष व स्थलांतर

१९८० च्या दशकात संगणकीय जुळणीचे तंत्र आले. पत्रकाराने टंकलिखित केलेला मजकूर थेट पानावर नेता येऊ लागला आणि खिळेजुळणी करणाऱ्यांची गरजच उरली नाही. रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीने पूर्व लंडनमधील वॉपिंग येथे नवा छापखाना उभारला होता. वाटाघाटी फिसकटल्यावर २४ जानेवारी १९८६ रोजी मुद्रक कामगारांनी संप पुकारला. कंपनीने सुमारे साडेपाच हजार कामगारांना बडतर्फ केले आणि ‘द टाइम्स’, ‘द संडे टाइम्स’, ‘द सन’ व ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ ही चारही पत्रे वॉपिंगहून छापण्यास सुरुवात केली. तेथील यंत्रे विद्युत कामगार संघटनेच्या सदस्यांनी चालवली. काही पत्रकारांनी वॉपिंगला जाण्यास नकार दिला.

वर्षभराहून अधिक काळ वॉपिंगच्या दारात निदर्शने झाली. पोलीस व निदर्शक यांच्यात वारंवार चकमकी उडाल्या. हजाराहून अधिक लोकांना अटक झाली. अखेर फेब्रुवारी १९८७ मध्ये संघटनांनी लढा मागे घेतला. बडतर्फ कामगारांना कामावर परत घेतले गेले नाही. अनेकांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब एका रात्रीत निरुपयोगी ठरले. या संघर्षाचे मूल्यमापन आजही दोन प्रकारे केले जाते. वृत्तपत्रे जगण्यासाठी हा बदल अपरिहार्य होता, असे एक मत आहे. तर तंत्रज्ञानाचे निमित्त करून कामगारांची संघटित शक्ती मोडून काढली गेली, असे दुसरे.

या मार्गाने इतर पत्रेही गेली. ‘डेली टेलिग्राफ’ने गोदी विभागात स्थलांतर केले, १९८९ मध्ये ‘डेली एक्स्प्रेस’ने आपली काळी इमारत सोडली. रॉयटर्सने २००५ मध्ये येथील मुख्यालय हलवले. स्कॉटलंडमधील ‘द संडे पोस्ट’ या साप्ताहिकाचे लंडन कार्यालय शेवटपर्यंत टिकून होते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तेथील अखेरच्या दोन वार्ताहरांनी कार्यालय सोडले, तेव्हा फ्लीट स्ट्रीटवरील वृत्तपत्रीय पत्रकारितेचा अध्याय संपला, असे मानण्यात आले.

भारताशी संबंध

महात्मा गांधी यांनी १८८८ मध्ये इनर टेंपल या संस्थेत नाव नोंदवले व १० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले. शाकाहारी भोजनाच्या शोधात पायपीट करताना फ्लीट स्ट्रीटच्या पूर्व टोकास मिळणाऱ्या फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना पहिले शाकाहारी उपाहारगृह सापडल्याची हकीकत त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. १९२२ मध्ये भारतातील शिक्षेनंतर इनर टेंपलने त्यांचे नाव काढून टाकले. १९८८ मध्ये ते मरणोत्तर पुन्हा दाखल केले. जवाहरलाल नेहरू हेही इनर टेंपलचेच बॅरिस्टर होत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची घटना म्हणजे लोकमान्य टिळकांचा चिरोल खटला. ‘द टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मधील ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक संबोधून त्यांच्यावर हिंसेला उत्तेजन दिल्याचे आरोप केले होते. टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला. १९१९ च्या आरंभी त्याची सुनावणी झाली. चिरोल यांची बाजू एडवर्ड कार्सन यांनी, तर टिळकांची जॉन सायमन यांनी मांडली. हा दावा टिळक हरले व खर्चाचा मोठा भार त्यांच्यावर पडला. तथापि, निंदेच्या हेतूने वापरलेले ‘असंतोषाचे जनक’ हे शब्द पुढे मराठी जनतेने गौरवाचे बिरुद म्हणून स्वीकारले.

साहित्यातील उल्लेख

गिऱ्हाइकांचे गळे कापणारा स्वीनी टॉड हा न्हावी फ्लीट स्ट्रीटवर राहत होता, अशी कथा लोकप्रिय आहे. हे पात्र १८४६–४७ मध्ये एडवर्ड लॉइड यांच्या नियतकालिकातील एका क्रमशः कथेत प्रथम अवतरले. असा न्हावी प्रत्यक्षात होऊन गेल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. कथेतील त्याचे दुकान सेंट डन्स्टन चर्चला लागून असल्याचे वर्णन आहे.

सद्यःस्थिती

आज फ्लीट स्ट्रीटवर वकिलांच्या कचेऱ्या, पेढ्या, उपाहारगृहे व वित्तसंस्था आहेत. पश्चिम टोकाशी १८८२ मध्ये उघडलेले रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस हे न्यायालय आहे. सॉल्झबरी स्क्वेअर परिसरात २०२० च्या दशकात नवे न्यायालय संकुल व पोलीस मुख्यालय यांचा प्रकल्प हाती घेण्यात आला. ‘डेली एक्स्प्रेस’ व ‘डेली टेलिग्राफ’ यांच्या इमारतींचे दर्शनी भाग संरक्षित वास्तू म्हणून जपले आहेत. बुव्हरी स्ट्रीटलगतच्या मॅगपाय ॲली या बोळात मुद्रणाचा इतिहास सांगणारी चित्रे भिंतीवरील फरशांवर लावलेली आहेत. सेंट डन्स्टन चर्चशेजारच्या इमारतीवर स्कॉटिश वृत्तपत्रांची नावे अजूनही वाचता येतात. यंत्रे थांबली असली, तरी पत्रकारांची स्मृतिसभा असते तेव्हा ती बहुधा सेंट ब्राइड्स चर्चमध्येच भरते.